मोतीबिंदूनंतरचा महिना : न्हाणे, कुंकू, काजळ आणि चटणीचा हंगाम

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या कोणालाही विचारले, तर तो शस्त्रक्रियेचीच हकिगत सांगतो. थेंब घालूनच भूल दिली, समोर लख्ख प्रकाश दिसत होता, कोणीतरी बोलत होते आणि काही कळायच्या आत ‘झाले, उठा’ असे सांगितले, एवढाच तिचा ऐवज असतो. माझाही अनुभव याहून निराळा नाही. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मिरजेच्या एका रुग्णालयात झाली, ती वीसएक मिनिटांत उरकली आणि त्याच दिवशी मी डोळ्यावर प्लास्टिकचे झाकण चिकटवून सांगलीला विश्रामबागच्या घरी परत आले. खरे काम पुढच्या महिन्याभराचे होते आणि ते न्हाणीघर, स्वयंपाकघर, देवघर आणि आरसा या चार ठिकाणी करायचे होते.

घरी सोडताना रुग्णालयाने एक छापील कागद दिला होता. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, जड उचलू नये, खाली वाकू नये, अशा सूचना त्यात होत्या आणि त्या सगळ्या योग्यच होत्या. परंतु घर चालवणाऱ्या बाईच्या दिवसात पाणी नेमके कुठून डोळ्यात जाते, वाकणे कशाकशासाठी होते आणि हात नकळत डोळ्याकडे कधी जातो, याचा त्यात मागमूस नव्हता. कुंकवाचा उल्लेख नाही, फोडणीचा नाही, आरतीचा नाही. म्हणून मी एका वहीत प्रश्न लिहून ठेवू लागले आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी ते डॉक्टरांपुढे वाचून दाखवले. त्यांनी कंटाळा न करता उत्तरे दिली. पुढे जे लिहिते आहे ते त्या उत्तरांच्या आणि माझ्या वापराच्या आधारे लिहिते आहे. ज्याच्या डोळ्याची प्रकृती वेगळी असेल त्याने आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

शस्त्रक्रिया मार्चमध्ये ठरली, तेव्हा शेजारपाजारच्या वडीलधाऱ्या बायकांनी नाके मुरडली. उन्हाळ्यात डोळ्याला हात लावतात का, थंडीत करायचे, आणि अजून पुरता पिकला तरी आहे का, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे म्हणणे ज्या काळातून आले आहे तो काळ मी पाहिलेला आहे. माझ्या आजीला शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे निजवले होते आणि नंतर जन्मभर तिने जाड भिंगाचा चष्मा वापरला. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याचा पहिला प्रयोग १९४९ मध्येच केला होता, पण ती सोय आमच्या आजीपर्यंत पोहोचली नव्हती. तेव्हा छेद मोठा असे, टाके पडत आणि घामाची, उन्हाळ्याची धास्ती घेणे रास्तच होते. आता ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात, छेद साधारण २ ते ३ मिलिमीटरचा असतो आणि तो बहुधा टाक्याशिवाय आपोआप मिटतो. त्यामुळे ऋतूचा प्रश्न उरत नाही. पिकू देण्याचाही उरत नाही, उलट भिंग फार कडक झाले तर ते फोडायला अधिक ताकद लावावी लागते. परंतु टाका नाही याचाच दुसरा अर्थ असा, की ती जागा भरून येईपर्यंत जंतू आत शिरू न देण्याची जबाबदारी आपल्यावर असते. डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. सगळ्या सोवळ्याओवळ्याचे कारण हे एवढेच आहे.

स्वच्छतेची सुरुवात आदल्या दिवशीच झाली. पुढे बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही हे कळले होते, म्हणून आदल्या संध्याकाळी शिकेकाईने स्वच्छ न्हाऊन, तेल न लावता घट्ट वेणी घातली. नखे कापली आणि नखांवरचा रंग पुसला, कारण बोटाला लावलेल्या चिमट्यातून नाडी आणि प्राणवायूचे प्रमाण मोजतात व रंगामुळे त्यात फरक पडू शकतो. काजळ मी आधीपासूनच बंद केले होते. तरीही सिस्टरने ओल्या कापसाने पापणीची कड पुसली, तेव्हा कापसावर करडी रेघ उमटली. वर्षानुवर्षे रोज काजळ घालणाऱ्या बाईच्या केसांच्या मुळाशी ते मुरलेले असते आणि तोंड धुतल्याने निघत नाही. मग डोळ्याभोवती तपकिरी आयोडीनचे औषध लावले, त्याचेच सौम्य थेंब डोळ्यातही घातले आणि चेहऱ्यावर कापड घालून फक्त डोळा उघडा ठेवला.

घरी आल्यावर पहिला धडा थेंबांचा. तीन बाटल्या होत्या : एक जंतुनाशक, एक सूज कमी करणारे स्टेरॉइड आणि एक वेदनाशामक. स्टेरॉइडची बाटली हलवूनच घ्यायची, कारण औषध तळाशी बसलेले असते आणि न हलवता घातले तर वरचे नुसते पाणीच पडते. त्याचा थेंब दुधासारखा पांढरा असतो. हे थेंब एकदम बंद करायचे नसतात. आठवड्यागणिक एकेक वेळ कमी करत चार ते सहा आठवड्यांत सोडायचे असतात. सूनबाईने वेळांचे कोष्टक करून फ्रिजवर लावले होते. दोन औषधांमध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावी लागतात, कारण पापणीच्या आत एका थेंबापुरतीही जेमतेम जागा असते आणि लगोलग घातलेला दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो. साबणाने हात धुवायचे, ते स्वच्छ कपड्याला कोरडे करायचे, मान मागे टाकून खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढायची, नजर छताकडे लावायची आणि बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना न लागू देता थेंब सोडायचा. नंतर डोळा अलगद मिटायचा, आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट मिनिटभर हलके दाबून धरायचे. असे केले नाही तर औषध नाकावाटे घशात उतरते आणि जिभेवर कडू चव येते. ती चव आली की थेंबाचा काही भाग वाया गेला असे समजावे. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची, त्यात औषध उरले असले तरीही. आमच्याकडे उरलेले औषध ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून कपाटात जाते, ते मी या वेळी होऊ दिले नाही.

सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. पाणी उकळून झाकून गार करायचे, त्यात औषधाच्या दुकानातील निर्जंतुक कापसाचा बोळा बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या डोळ्यावरून नाकाच्या बाजूने कानाकडे एकदाच फिरवून टाकून द्यायचा. दुसऱ्यांदा पुसायचे तर दुसरा बोळा. त्याच बोळ्याने मागेपुढे पुसणे म्हणजे बाहेरची घाण परत आत नेणे. पदर, ओढणी, गळ्यातला रुमाल, यांपैकी काहीही डोळ्याला लावायचे नव्हते. हा नियम सांगायला सोपा आहे, पण पदराने डोळे टिपण्याची सवय जन्माची असते. मी त्या दिवसांत घरी गाऊन घालत असे, त्यामुळे पदरच नव्हता. गुलाबपाणी घालण्याचा सल्ला देणाऱ्यांना मी हसून नाही म्हटले; दिलेल्या औषधांखेरीज डोळ्यात काहीही घालायचे नसते.

आंघोळीचा प्रश्न मानेखालच्या आंघोळीने सुटला. स्टुलावर बसून तांब्याने खांद्यापासून खाली पाणी घ्यायचे आणि चेहरा ओल्या, पिळलेल्या टॉवेलने गालापासून खाली पुसायचा. मात्र मार्चच्या उकाड्यात कपाळावरून घाम ओघळतो आणि तो सरळ डोळ्यात जातो, हे कागदावर कोणी लिहिले नव्हते. त्यासाठी कपाळाला सुती रुमालाची पट्टी बांधायची आणि ती दिवसातून दोनतीनदा बदलायची, असा उपाय मी केला. दिसायला आखाड्यातल्या पैलवानासारखे दिसत असे, पण घाम अडत असे. केस मात्र चिकट होऊन गेले. पहिला आठवडा उलटल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही अटीवर : पुढे वाकून न्हायचे नाही, मागे मान टाकून दुसऱ्याकडून केस धुवून घ्यायचे. अशी सोय घरी नसते, पार्लरमध्ये असते. तिथल्या मुलीने आधी डोळ्यावर झाकण पक्के चिकटवायला लावले, कपाळावर टॉवेलची घडी ठेवली, पाण्याची धार अगदी मंद ठेवली आणि फेस कपाळाकडे येऊ न देता केस मागच्या मागे धुतले. रुग्णालयात अशी माहिती कोणी का देत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. त्याच मुलीला मी भुवयांचे विचारले, तेव्हा तिनेच नको म्हटले. दोऱ्याने भुवया कोरताना पापणीची कातडी ताणून धरावी लागते आणि डोळ्यातून पाणी येते. एवढ्यासाठी महिनाभर भुवया वाढल्या तर काही बिघडत नाही. केसांना मेंदी किंवा रंग लावणेही तोवर लांबणीवर टाकले.

आता कुंकू. मी रोज मेणावर कोरडे कुंकू लावणारी आहे. कुंकवाची पूड सुकल्यावर झडते आणि घामाबरोबर खाली येते, तेव्हा पहिले काही आठवडे ते बंद. डॉक्टर म्हणाले, “कपाळावर काय हवे ते चिकटवा, फक्त ते गळता कामा नये.” तेव्हा टिकली लावली आणि ती काढताना डोळा मिटून, वरच्या दिशेने काढली. पावडरचा पफ हा त्याहून वाईट, कारण त्याचे कण हवेतच उडतात. लिपस्टिकला पहिल्या दिवसापासून हरकत नव्हती. क्रीम गालापर्यंत, डोळ्याखालच्या हाडाच्या खाली. त्याच्या वर काहीही नाही.

काजळ, लायनर आणि मस्कारा साधारण महिनाभरानंतर आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. त्यात खरी अडचण लावण्यापेक्षा काढण्याची आहे. न पुसले जाणारे काजळ काढण्यासाठी पापणी घासावी लागते आणि घासणे तर साफ वर्ज्य. शिवाय वापरात असलेल्या डबीत आणि कांडीत जंतू वाढलेले असतात, म्हणून जुने सगळे टाकून नवे घ्यायचे आणि ते कोणाला वापरायला द्यायचे नाही. आमच्या घरी दिव्याच्या काजळीचे, तुपात खललेले काजळ एका छोट्या डबीत असे; तीत सासूबाईंपासून नातीपर्यंत सर्वांची बोटे गेलेली. ती डबी मी ठेवली आहे, त्यातले काजळ टाकून दिले. सुरमा तर शिशाच्या भीतीने आधीच घरातून गेला होता. परवानगी मिळाल्यावर मी नवी कांडी आणली आणि काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर न घालता केसांच्या बाहेरून लावू लागले. पूर्वीसारखे ते ठसठशीत दिसत नाही, हे मान्य करते.

स्वयंपाकघरात मार्च म्हणजे चटणीचा हंगाम. आमच्या भागात वर्षाची कांदा-लसणाची चटणी याच दिवसांत होते : रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, खोबरे, धने, लसूण आणि तेलात तळलेला कांदा. मिरच्या भाजायला घेतल्या की गल्लीच्या टोकापर्यंत ठसका पोहोचतो. खोकला आणि शिंक यांनी डोळ्यावर ताण येतो, हा एक भाग. दुसरा भाग असा, की मिरची हाताळलेल्या बोटांतले तिखट एका हात धुण्याने जात नाही, नखांत राहते, आणि त्याच बोटांनी पुढे थेंब घालायचे असतात. यंदा आमच्या मिरच्या जावेच्या घरी भाजल्या गेल्या आणि तिथूनच डंकावर कुटायला गेल्या. रोजच्या स्वयंपाकात मी पोळ्या लाटणे, भाजी निवडणे एवढे बसून करू लागले. फोडणी, तळण आणि कांदा चिरणे सूनबाईकडे. कुकर उघडताना वाफ तोंडावर येते, म्हणून तोही तिच्याकडे. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची होते याचा आपण एरवी विचार करत नाही. पाच किलोंच्या वर काही उचलायचे नाही म्हटल्यावर पीठाचा डबा, गादी आणि धाकटी नात, तिन्ही यादीत आले. नातीला समजावणे सर्वांत अवघड गेले.

बद्धकोष्ठाचे बोलायला संकोच वाटतो, पण कुंथण्याने डोळ्यावर दाब येतो, तेव्हा रात्री इसबगोल आणि आहारात पपई हा उपचाराचाच भाग समजावा. झोपताना झाकण लावून, शस्त्रक्रिया झालेली बाजू वर राहील अशा कुशीवर किंवा उताणे निजायचे. सकाळचे सूर्यनमस्कार, कपालभाती आणि भस्त्रिका महिनाभर बंद ठेवून मी नुसते चालत राहिले. दूरदर्शन पाहण्याने किंवा वाचण्याने शिवलेल्या-न शिवलेल्या जागेला काहीही होत नाही. फक्त टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा होऊन खुपतो.

देवघरात काय काय होते ते मला पहिल्यांदाच लक्षपूर्वक पाहावे लागले. तीर्थ घेतल्यावर ओला हात डोळ्यांना लावतो. आरती घेताना तळवे ज्योतीवर धरून डोळ्यांवरून फिरवतो. उदबत्तीचा धूर तोंडासमोरच असतो. साष्टांग सोडाच, साधा नमस्कारही वाकूनच असतो. मी तीर्थ चमच्याने घेऊ लागले, आरतीचा हात मस्तकाला लावू लागले आणि गणपतीच्या देवळात उभ्यानेच हात जोडले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावणी आली, तेव्हा आंब्याच्या डाळीसाठी तरी जाणे भागच होते. दारातच सांगून टाकले, की कुंकू हाताच्या पाठीवर लावा. दोघीतिघींना ते विचित्र वाटले, पण एकीने लगेच विचारले, की तिच्या आईची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे, तर तिने काय काय करायचे. डाळ खाता खाता वही वाचली गेली.

घरातील धुळीचे आमच्याकडे एक खास कारण आहे. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतात आणि हंगामात त्यांच्या सदऱ्याच्या घड्यांतूनही पिवळी पूड निघते. त्यांनी आधी हातपाय धुऊन कपडे बदलावे आणि मगच माझ्या डोळ्यात थेंब घालायला बसावे, असा नियम झाला. त्यांनी तो पाळला, कुरकुरत का होईना. बाहेर जाताना बाजूनेही झाकलेला गडद चष्मा होताच. भाचीच्या लग्नात त्याचा खरा उपयोग झाला, कारण मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता कुठून आणि किती जोरात येतील याचा नेम नसतो. मी मंडपात मागच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसले.

काय झाले तर थांबायचे नाही, हेही वहीत ठळक लिहिले होते. थोडे खुपणे, किंचित लाली, उजेडाचा त्रास हे पहिल्या दिवसांत चालते आणि उतरत जाते. दुखणे वाढत जाणे, लाली वाढणे, सुधारलेली नजर पुन्हा अंधूक होणे, पू येणे, विजेसारखे चमकणे किंवा पडदा सरकल्यासारखे दिसणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. मला त्याची गरज पडली नाही.

नजर स्थिरावल्यावर, महिन्याभराने, चष्म्याचा नंबर काढला. मी एकाच अंतराचे भिंग बसवून घेतले आहे, त्यामुळे दूरचे बिनचष्म्याचे दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. मधल्या काळात जुन्या चष्म्याची उजवी काच काढून घेतली होती. पिवळसर झालेले भिंग निघाल्यामुळे निळा रंग मला पुन्हा निळा दिसू लागला, आणि आरशात पाहिल्यावर लक्षात आले, की गेली काही वर्षे मी तोंडाला पावडरचे थरच्या थर थापत होते. घरातल्या कोणीही हे मला सांगितले नव्हते. विचारले तर सूनबाई म्हणाली, “आई, तुम्हाला आवडतं असं वाटलं.”

डाव्या डोळ्याची तारीख गौरी-गणपती उरकल्यानंतरची घेतली आहे. डोळ्याला ऋतू नसला तरी घराला असतो. गौरी बसवणे म्हणजे चार दिवस वाकणे, उचलणे आणि तळणे. काजळ त्याआधी पुरेसे दिवस बंद ठेवायचे आहे, आणि पार्लरमधल्या मुलीला आतापासूनच सांगून ठेवले आहे.